पेणकरपाडा ते पोलीस ठाणे

दहिसरचा नाका ओलांडून मुंबई मागे टाकली की मीरा रोडच्या पूर्व भागात पेणकरपाडा लागतो. नाव पाड्याचे, पण वस्ती आता शहराची. जुनी घरे, चाळी आणि इमारती एकमेकींना खेटून उभ्या. अशा कष्टकरी वस्तीतल्या मुलामुलींना खाकी वर्दीची ओढ का असते, आणि वर्दी चढल्यावर माणसाचे काय होते, हे समजून घ्यायला आम्ही इथे आलो.

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तोवर हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता. आता आयुक्तालयाची भरती वेगळी निघते. मैदानी परीक्षा ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे, मुलींना ८०० मीटर; शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक दोघांनाही. इथे वशिला धावत नाही, पायच धावतात. म्हणून गरिबाच्या घरात या भरतीचे मोल मोठे.

हा दरवाजा आपोआप उघडलेला नाही. लष्कर, नौदल आणि पोलीस यांत जातीचे बंधन न ठेवता भरती व्हावी, अशी मागणी बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे मांडली होती. आजच्या शिपायाने हे विसरू नये.

निवड झाली की प्रशिक्षण केंद्र. पहाटेची हजेरी, पीटी, कवायत, बंदूक, आणि वर्गात कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा कलमेही नव्याने पाठ करायची. शेकडो पाय एकाच ठेक्यावर पडतात, गावाचे नाव मागे पडते, बक्कल नंबर पुढे येतो. दीक्षांत संचलनाला आईबाप येतात, डोळे पुसतात.

पण पोलीस खरा घडतो तो ठाण्यात. केंद्रात पुस्तक शिकवते, ठाण्यात जुने सहकारी शिकवतात. बारा-बारा तासांचा बंदोबस्त, रद्द झालेली सुट्टी, वरिष्ठांचा धाक, यांतून नवा शिपाई पाहतो की इथे कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला उभे ठेवतात. तेही तो शिकतो. जातीवरून मार खाल्लेली बाई तक्रार घेऊन आली, तर तिला एन.सी. लिहून वाटेला लावायचे की गुन्हा नोंदवायचा? अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. हे कलम त्याला पाठ असेल. ते वापरण्याची हिंमत कोण देणार?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलल्या, पण अतिरेक्याला सोडले नाही. वर्दीचा रंग दोन्हीकडे खाकीच होता.

पालकांनो, मुलाला पहाटे धावायला जरूर उठवा. पण तो वर्दीत घरी आला की पगाराआधी एवढे विचारा, आज ठाण्यात आलेल्या गरिबाला तू बसायला सांगितलेस का?