एरचच्या डोहावरचा मागचा गळ

वाचकहो, झाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो आणि बहुतेक प्रवासी तेवढाच पाहून परततात. आपल्यापैकी कोणी पुढे जाण्याची सवड काढलीच, तर झाशीच्या ईशान्येस सुमारे ७० किलोमीटरवर, बेतवेच्या दक्षिण तीरावर असलेले एरच हे गाव अवश्य पाहावे. कानपूरच्या रस्त्याने चिरगाव आणि मोठ मागे टाकून नदी ओलांडली की उंचवट्यावर वसलेली ही जुनी वस्ती दिसू लागते. पाली ग्रंथांत जिचा उल्लेख एरकच्छ असा येतो, ती हीच नगरी. अकबराच्या काळी ती एका सरकारचे ठाणे होती आणि तिची जामा मशीद १४१२ सालची आहे. स्थानिक लोकांना मात्र या इतिहासापेक्षा प्रल्हादाची कथा अधिक जवळची वाटते. हिरण्यकश्यपूची राजधानी ती हीच, जवळच्या डिकौलीच्या टेकडीवरून प्रल्हादाला लोटले ते याच नदीत, आणि पहिली होळी पेटली तीही येथेच, असे ते निःशंकपणे सांगतात.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १७२९ मध्ये पहिले बाजीराव छत्रसालाच्या मदतीस धावून गेले, तेव्हापासून बुंदेलखंडात मराठी घराणी रुजली. एरचपासून फार दूर नसलेल्या गुरसरायला मराठी जहागीरदारांचे ठाणे होते. झाशीत आजही मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांपैकी एक माझ्या मावशीचे.

मी एरचला गेलो तो मात्र यापैकी कशासाठीही नव्हे. एका शब्दापायी गेलो.

आमच्या मासिकासाठी मी गोड्या पाण्यातील मासेमारीवरच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत होतो. त्यात ‘ट्रेलर हूक’ असा शब्द आला. बनावट आमिषाच्या मुख्य गळाला मागे आणखी एक गळ जोडतात, तो हा. मी कोशात बराच शोध घेऊन ‘अनुगामी अंकुश’ असा प्रतिशब्द योजला आणि स्वतःवर खूश होऊन तो मावशीच्या यजमानांना दूरध्वनीवरून वाचून दाखविला. काका मूळचे महाडकडचे. सावित्रीच्या काठी वाढलेले आणि झाशीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अरे, हत्ती हाकायचा आहे का मासा धरायचा आहे? मागचा गळ म्हण. आणि ये इकडे फाल्गुनात, दाखवतो.”

काकांची आमिषे घरीच तयार होतात. पितळेच्या पत्र्याचा चमचाएवढा तुकडा ठोकून खोलगट करायचा, त्याच्यामागे एकेरी गळ आणि त्या गळावर कोंबडीच्या पिसांचा झुबका. पाण्यातून ओढताना पत्रा फिरतो, लकाकतो आणि मासोळी पळत असल्याचा भास होतो. हे आमिष रोहू किंवा नैन यांच्या उपयोगाचे नाही, हे आधीच सांगतो. ते मुख्यतः शाकाहारी, चरणारे. त्यांना कणकेची गोळी बरी. चमचाला भुलतात ते शिकारी मासे: आपण ज्याला मरळ म्हणतो तो, आणि शिवडा, ज्याला तिकडे पढिन म्हणतात.

पावसाळ्यात उधाणणारी बेतवा फाल्गुनात ओसरलेली असते. वर पारीछाचे आणि माताटीलाचे धरण तिचे पाणी अडवते, त्यामुळे एरचच्या खाली वाळू आणि खडक यांच्यामध्ये डोह उरतात. आम्ही परवानगीची चौकशी करून एका केवटाच्या नावेतून अशाच एका डोहावर गेलो. वल्ही केवट मारीत होता आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा पुढे बसून शेवाळ कोठे आहे ते सांगत होता.

पहिल्या तासात पाच वेळा काठीला हिसका बसला आणि पाचही वेळा गळ रिकामा आला. मी उतावीळ झालो. काका मात्र प्रत्येक वेळी पिसे हातात घेऊन न्याहाळीत होते. “हे पाहा,” ते म्हणाले, “शेपटीकडची पिसे कापल्यासारखी तुटली आहेत. मासा येतो, पण मागून नुसता चावा घेऊन जातो. त्याचे तोंड गळापर्यंत पोचतच नाही.” पाणी नितळ असले, किंवा थंडीचा कडाका नुकताच ओसरून मासा अजून आळसावलेला असला, की असे होते. झुबका गळाच्या बाकापलीकडे फार लोंबत असला तरीही होते. म्हणून प्रथम त्यांनी कात्रीने पिसे आखूड केली आणि आमिष अधिक सावकाश ओढले. सहावा चावाही वाया गेला, तेव्हा कोठे त्यांनी मागचा गळ बाहेर काढला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाजारातून आणलेल्या आमिषाला पहिल्याच दिवशी तीन-तीन गळ लटकावणारे हौशी लोक मी पाहिले आहेत.

जोडणी पाहण्यासारखी आहे. मागचा गळ पुढच्याच मापाचा किंवा एक माप लहान घ्यावा. त्याचे नेढे मात्र रुंद हवे, कारण पुढच्या गळाचे टोक त्यातून आत जायचे असते. नुसते ओवले तर पहिल्याच हिसक्याला तो निसटेल. त्यासाठी काका सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरतात. तिचा बोटाच्या पेराहून आखूड तुकडा कापून मागच्या गळाच्या नेढ्यावर चढवायचा, मग पुढच्या गळाचे टोक रबर आणि नेढे यांतून एकदमच आरपार न्यायचे. असे केले की मागचा गळ सरळ रेषेत ताठ राहतो. शेवाळ असेल तर दोन्ही टोके वरच्या बाजूस ठेवावीत, म्हणजे ती अडकत नाहीत. मोकळे पाणी असेल तर रबर नेढ्यावर न चढविता त्याच्या दोन चकत्या करून नेढ्याच्या आगेमागे पुढच्या गळावर बसवाव्यात. मग तो दोन्ही चकत्यांच्या मध्ये झुलता राहतो आणि आळशी माशाच्या ओठात अधिक सहज शिरतो. आमच्या डोहाचे पाणी मोकळे होते, म्हणून काकांनी झुलता गळ बसविला.

इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानात आलेल्या साहेबांच्या पेटाऱ्यात लहान माशाच्या आकाराची आमिषे असत आणि त्यांच्या कुशीला गळांची रांगच लावलेली असे. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, ते या छंदाचे येथील पहिल्या मोठ्या ग्रंथांपैकी एक. चमचाच्या मागे एकच जादा गळ ओवण्याची रीत मात्र अमेरिकेत बास नावाच्या माशामुळे विशेष फोफावली. असो.

आठवा हिसका बसला आणि या वेळी काठी वाकलेलीच राहिली. दीड हाताचा मरळ होता. मीच ओढत होतो, मीच त्याला दोरीला धरून नावेत घेतला. मासा पुढच्या गळाला लागला होता. मागचा मोकळा होता. तो मोकळा असल्याचे मला दिसत होते, तरी मी काही बोललो नाही. मुलाने सवयीने हात पुढे केला, मरळाने अंग पिळले आणि तो झुलता गळ मुलाच्या अंगठ्याच्या गादीत उलट्या काट्यासकट रुतला. एका टोकाला तडफडणारा मासा आणि दुसऱ्या टोकाला मूल, असे दोघे दोन इंचांवर बांधले गेले.

केवटाने वल्हे टाकले. काकांनी ओले पोते माशावर टाकून गुडघ्याने दाबले आणि पकडीने मागच्या गळाची दांडी नेढ्यालगत तोडली. बाकाजवळ तोडली असती तर डॉक्टरांना धरायला काही उरले नसते. गळ ओढून काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, मलाही करू दिला नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा बधिर करून टोक पुढे ढकलले, ते कातडीतून बाहेर येताच उलटा काटा छाटला आणि उरलेली तार आल्या वाटेने काढून घेतली. मग धनुर्वाताचे इंजेक्शन. मुलगा तोवर रडला नव्हता. सुई पाहून रडला.

मी केवटापुढे पैसे धरले. त्याने ते घेतले नाहीत. एवढेच म्हणाला, “बाबूजी, मागचा काटा तुम्हाला दिसत होता, त्याला नाही.” त्या वाक्याला मी काय उत्तर देणार? मुलाने विचारले, मासा कोठे आहे. तो पोत्यातच होता. तो त्याने डाव्या हाताने उचलून घरी नेला.

त्या रात्री काका चिमटा घेऊन बसले आणि पेटीतील प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करू लागले. दोरी ताणलेली ठेवली तर अशा गळावरूनही मासा सहसा सुटत नाही, आणि हातात शिरलाच तर आला तसा निघतो. मासा नावेत येताच आधी मागचा गळ पकडीत धरायचा, मग माशाला हात लावायचा, असा नियमही त्यांनी घातला. मी मुंबईस परतल्यावर मुद्रितात ‘अनुगामी अंकुश’ खोडून ‘मागचा गळ’ केले आणि मूळ लेखात नसलेली काट्यासंबंधीची दोन वाक्ये खाली संपादकीय टीप म्हणून घातली.

होळीनंतर काकांचा दूरध्वनी आला. अंगठा भरून आला आहे आणि मुलगा पुन्हा नावेत पुढे बसतो. आता नाव सोडण्यापूर्वी तो काकांचा प्रत्येक गळ मागून घेतो, आपल्या सदऱ्याच्या बाहीत खुपसून मागे ओढून पाहतो, आणि धागा अडकला तर परत करतो.