लाल खिंड, काळं तळं

आधी भिंतीवरचा आशियाचा नकाशा बघा. काश्मीरच्या वरच्या टोकावर बोट ठेवा आणि सरळ उत्तरेला सरकवा. अफगाणिस्तानची एक चिंचोळी पट्टी लागेल, दोऱ्यासारखी. ती ओलांडली की ताजिकिस्तान, आणि त्याच्या डोक्यावर किरगिझस्तान. या दोन देशांच्या मध्ये डोंगरात एक खिंड आहे, किझिल-आर्त. उंची ४२८० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी वर जवळजवळ हजार मीटर उरतात! २०१९ च्या जून महिन्यात या खिंडीतून मी गाडीने एका देशातून दुसऱ्या देशात गेले.

आता तुम्ही विचाराल, बाई तिकडे कशा पोचल्या? तर किरगिझस्तानात ओश नावाचं जुनं शहर आहे. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे डॉक्टरकी शिकायला जातात. माझा मावसभाऊ त्यांतलाच एक. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. शाळा उघडायला अजून दहा-बारा दिवस होते. तो म्हणाला, "ताई, इथवर आलीच आहेस तर पामीर बघून जा." पामीर म्हणजे ज्याला जगाचं छप्पर म्हणतात तो उंच डोंगराळ मुलूख.

ओशमध्ये एक गाडीवाले होते, पन्नाशीचे. किरगिझ भाषेत थोरल्या माणसाला 'बाइके' म्हणतात, आपण दादा म्हणतो तसं. आम्हीही त्यांना बाइकेच म्हणायचो. त्यांची बहीण खिंडीपलीकडच्या काराकुल गावात दिली होती. म्हणजे भाऊ एका देशात आणि बहीण दुसऱ्या! गाडीच्या मागच्या बाजूला त्यांनी पिठाची दोन पोती, कांदे आणि एक खोकं भरून घेतलं होतं. खोक्यात काय, ते नंतर सांगते.

ओशहून निघालेला हा रस्ता म्हणजे पामीर महामार्ग. हे सगळे देश सोव्हिएत संघात होते, तेव्हा १९३१ ते १९३४ या काळात ओशपासून खोरोगपर्यंतचा भाग बांधला. पहिल्या दिवशी आम्ही सारी-ताश गावात मुक्काम केला. उंची तीन हजार मीटरच्या वर. एकदम खिंड चढायची नाही, शरीराला सवय होऊ द्यायची, हा तिथला नियमच. रात्री माझं डोकं ठणकत होतं. बाइकेंनी गरम चहा पाजला आणि सांगितलं, "उद्या सावकाश चाला, सावकाश बोला."

सकाळी समोर पाहिलं तर पांढरीशुभ्र भिंत! उंच उंच शिखरं एका रांगेत उभी. त्यांतलं एक लेनिन शिखर, ७१३४ मीटर. आणि आम्हाला त्या भिंतीतूनच वाट काढायची होती.

सीमा म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तारांचं कुंपण, बंदूकवाले जवान, मोठं फाटक? बोर्दोबो नावाच्या किरगिझ नाक्यावर फाटक होतं, जवानही होते, पण गर्दी मात्र नव्हती. आमच्या पुढे एक मालट्रक आणि दोन सायकलवाले, बस्स. पासपोर्ट तपासला, शिक्का बसला, फाटक उघडलं. किरगिझस्तान संपलं.

पण ताजिकिस्तान सुरू झालं नाही! गंमत आहे ती इथेच. ताजिक नाका पुढे सुमारे २० किलोमीटरवर, खिंडीच्या पलीकडे. एका देशातून बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला, दुसऱ्यात शिरल्याचा अजून नाही. लोक या पट्ट्याला 'कोणाचीच नसलेली जमीन' म्हणतात. खरं तर तसं नसतं बरं का. खिंडीच्या माथ्यावर रेघ आहे, अलीकडची जमीन यांची, पलीकडची त्यांची. फक्त तिथे माथ्यावर कोण चौकी बांधणार आणि हिवाळ्यात कोण राहणार? म्हणून दोघांनीही आपापला नाका सोयीच्या जागी ठेवला आहे.

डांबर संपलं. माती लाल, अगदी महाबळेश्वरच्या घाटासारखी. 'किझिल' म्हणजे लालच. बर्फ वितळून चिखल झाला होता आणि गाडीची चाकं मधूनच घसरत होती. एका वळणावर चक्क घर दिसलं! धुराडं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, भुंकणारं कुत्रं. त्या वीस किलोमीटरांत माणसं राहतात! माझा भाऊ म्हणाला, "यांना पत्र पाठवायचं तर पत्ता काय लिहायचा गं?" बाइकेंनी गाडी थांबवली, खाली उतरून घरातल्या म्हाताऱ्या बाबांच्या हातात दोन पाव आणि साखरेची पुडी दिली, आणि काही न बोलता परत येऊन बसले. येता-जाता तिथे काहीतरी द्यायचं, असा त्यांचा शिरस्ता.

खिंडीच्या माथ्यावर एका रानमेंढ्याचा पुतळा आहे. मार्को पोलो हा तेराव्या शतकातला प्रवासी. त्याने या मोठ्या शिंगांच्या मेंढ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मार्को पोलोच्या मेंढ्या म्हणतात. नराची शिंगं वळणावळणाने मोजली तर दीड मीटरच्याही वर भरतात. मी फोटोसाठी उतरले आणि दहा पावलांतच धाप लागली. इतक्या उंचीवर हवा विरळ. घरी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच इथे मिळतो. पिशवीतलं चिवड्याचं बंद पाकीट तर फुग्यासारखं टम्म फुगलं होतं. असं का झालं असेल? बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला, आत मात्र आपल्याकडची जास्त दाबाची हवा कोंडलेली, म्हणून. विज्ञानाच्या तासाला मी हे पाकीट नेहमी सांगते.

ताजिक नाका म्हणजे लोखंडी टाक्यांसारख्या गोल खोल्यांची रांग. एका खोलीत पासपोर्ट आणि व्हिसा. या भागात जायला व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो, तोही दाखवायचा. दुसऱ्या खोलीत गाडीचे कागद आणि गाडीचा कर. तिसऱ्या खोलीतल्या अधिकाऱ्याने मात्र मागचं दार उघडायला लावलं. पोती टोचून पाहिली. मग खोकं.

खोक्यात पाठ्यपुस्तकं होती, किरगिझ भाषेतली! काराकुल ताजिकिस्तानात असलं तरी तिथली माणसं किरगिझ, घरात बोलतात किरगिझ. बाइकेंच्या भाचीला तिच्या भाषेतली पुस्तकं गावात पुरेशी मिळत नव्हती, म्हणून मामा ओशच्या बाजारातून घेऊन निघाला होता. अधिकारी एकेक पुस्तक काढून चाळत होता. बाइके टोपी हातात धरून उभे. ते काहीच बोलत नव्हते, पण त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम दिसत होता. पुस्तकं अडवली तर? माझ्याही पोटात गोळा आला. मी शिक्षिका ना!

खोक्याच्या तळाशी कोऱ्या वह्या होत्या. अधिकाऱ्याने एक उचलली आणि विचारलं, "दफ्तर?" बाइके म्हणाले, "देप्तेर, देप्तेर." आणि मी एकदम म्हणाले, "दप्तर!" दोघंही माझ्याकडे बघायला लागले. फारसीतला एकच शब्द, ताजिकांकडे दफ्तर झाला, किरगिझांकडे देप्तेर, आणि दोघांकडे त्याचा अर्थ वही. आपल्याकडे येईपर्यंत त्याची झाली वह्या भरायची पिशवी. पुस्तकालाही ताजिक लोक किताब म्हणतात, किरगिझ कितेप. अधिकारी हसला. पुस्तकं त्याने स्वतःच्या हाताने खोक्यात रचली, आणि दार लावलं.

तिथे मनगटावरचं घड्याळ एक तास मागे घ्यायचं. किरगिझस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, ताजिकिस्तानची अर्धा तास मागे. भारत बरोबर मधोमध!

मग उतरत उतरत काराकुल. तळं आहे की समुद्र? ३९०० मीटरच्या वर, सुमारे ३८० चौरस किलोमीटरचं पाणी. 'कारा' म्हणजे काळं, 'कुल' म्हणजे तळं. (सारी-ताश म्हणजे पिवळा दगड. आणखी पुढे गेलं की आक-बैताल खिंड येते, म्हणजे पांढरी घोडी. तिथल्या लोकांनी नकाशात रंगपेटीच सांडली आहे.) आम्ही गेलो तेव्हा काठाला बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या आणि मधलं पाणी गर्द निळं होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुम्हाला माहीत असेल. आकाशातून उल्का आदळून झालेला खड्डा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काराकुलही तसाच आघाताचा खड्डा, पण व्यास सुमारे ५० किलोमीटर! लोणारसारखंच इथूनही पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते खारट.

बाइकेंच्या बहिणीचं घर पांढऱ्या मातीचं, बसकं. दार उघडताच तिने भावाच्या गळ्यात हात टाकले आणि भाचीने खोक्यावर झडप घातली. नऊ वर्षांची असेल. एक पुस्तक उघडून तिने तिथेच, बूट न काढता, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भिंतीवरचं घड्याळ माझ्या घड्याळाच्या एक तास पुढे होतं. मला वाटलं, बिघडलं असेल. बाईंनी हसून हाताने उत्तरेकडे दाखवलं, "ओश!" घर ताजिकिस्तानात, पण घड्याळ माहेरच्या वेळेवर.

आणि यात नवल काहीच नाही. नाशिकहून सापुताऱ्याला जाताना वाटेत गुजरातची पाटी लागते. आपण पाटी वाचतो आणि गाडी पुढे जाते. १९९१ पर्यंत किझिल-आर्तला असंच होतं. दोन्ही बाजूंना एकच मोठा देश, सोव्हिएत संघ. माथ्यावरची रेघ होती ती कचेरीच्या कामापुरती. लग्नं इकडून तिकडे व्हायची, पीठ आणि कोळसा ओशहून यायचा. १९९१ मध्ये संघ मोडला आणि त्याच रेघेवर पासपोर्ट आले. माणसं जिथल्या तिथे राहिली, त्यांचे देश मात्र वेगळे झाले.

पुढची हकीकत माझ्या भावाकडून कळली. एप्रिल २०२१ च्या शेवटी या दोन देशांमध्ये चकमक उडाली. कारण होतं पाणी वाटपाचं एक ठिकाण, तेही या खिंडीपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला. माणसं मेली, गावं जळली. मे महिन्यात सगळी सीमा बंद झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा लढाई. पश्चिमेतल्या त्या पाण्याशी काराकुलचा काय संबंध? पण पीठ थांबलं, मामाही थांबला. भाचीचा आवाज फोनवर, तोही रेंज मिळेल तेव्हा.

१३ मार्च २०२५ ला किरगिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या. सुमारे हजार किलोमीटरच्या रेघेवरचं भांडण कागदावर मिटलं, आणि त्याच दिवशी दोन नाकी उघडली. ती दोन्ही पश्चिमेकडची, बातकेन भागातली.

माझा भाऊ आता डॉक्टर होऊन परत आला आहे. बातमी वाचून त्याने बाइकेंना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की ती दोन नाकी आपली नव्हेत, आपल्या खिंडीचं काय ते बघायचं. पण भाचीच्या पायाचं माप त्यांनी फोनवर विचारून ठेवलं आहे. तिच्यासाठी बूट घ्यायचे आहेत.