जिन्याखालचा पत्ता

अनाथ मुलाची गोष्ट सांगायची आणि शेवटी त्याला राजपुत्र ठरवून मोकळं व्हायचं, ही युक्ती मला कधीच रुचली नाही. ‘हॅरी पॉटर’बद्दल माझी तक्रार तीच होती. आईबाप गेलेले, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपणारा, मावसभावाचे ढगळ कपडे घालून शाळेत जाणारा पोर. अकराव्या वाढदिवशी त्याला कळतं की आपण जादूगार आहोत, आणि तेही असे की त्या जगातलं शेंबडं पोरसुद्धा आपलं नाव ओळखतं. वर बँकेच्या तळघरात आईबापांनी ठेवलेली सोन्याची रास. ज्यांना खरोखरच कुणी नाही अशा मुलांना हे वाचून दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला मेजवानीचं वर्णन ऐकवणं, असं मी चारचौघांत म्हणत असे.

असं म्हणायला मला कारण होतं. शाळेत मराठी शिकवता शिकवता मी रविवारी एका बालगृहात गोष्टी वाचायला जाऊ लागले होते. देणगीत आलेल्या पुस्तकांचं कपाट लावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा मंजुलनं काढलेला मराठी अनुवाद मी सगळ्यांत वरच्या फळीवर, मागच्या रांगेत सारला. खाली, हाताशी येईल असा फास्टर फेणे ठेवला आणि ताम्हनकरांचा गोट्या. गोट्याही अनाथच, पण त्याला घर मिळतं ते भल्या माणसांमुळे. त्यासाठी कुठलं घुबड पत्र घेऊन यावं लागत नाही. या मुलांना आशा दाखवायचीच तर ही दाखवावी, अशी माझी समजूत.

शिवाय लेखक मंडळींची एक सोय मला खुपायची. साहसकथेत आईबाप म्हणजे अडचण. ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ म्हणणारं माणूस असलं की गोष्ट पुढे सरकत नाही. म्हणून ‘ऑलिव्हर ट्विस्ट’पासून १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’पर्यंत इंग्रजी पुस्तकांत अनाथांची रांग लागलेली दिसते. आमच्या भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला, म्हणजे बन्याला, फुरसुंगीहून पुण्यात विद्याभवनच्या वसतिगृहात धाडून तीच सोय साधली, आणि त्यासाठी कुणाला मारलं नाही.

पुस्तक फळीवरून खाली आलं त्यात माझा काही हात नव्हता. मोठ्या गटातला एक मुलगा स्टुलावर चढला आणि सगळ्यांत जाड दिसलं ते काढून म्हणाला, “बाई, हे घ्या. हे लवकर संपायचं नाही.” सगळ्यांसमोर नाही म्हणायला कारण सुचेना. वाचायला सुरुवात झाली.

मुलांनी मला पहिल्यांदा थांबवलं ते पत्रापाशी. हॅरीच्या नावानं एक पाकीट येतं. त्यावर घराचा नंबर, रस्ता, गाव आणि त्याच्या जोडीला जिन्याखालचं कपाट असाही पत्ता असतो. मावशीच्या नवऱ्याची तंतरते. तो घाईघाईनं हॅरीला वरच्या खोलीत हलवतो, तर पुढच्या पाकिटावर सर्वांत लहान खोलीचा पत्ता. सगळं कुटुंब पळून हॉटेलात उतरतं, तर तिथं खोली क्रमांक १७ च्या नावानं पत्रं हजर. शेवटी समुद्रातल्या खडकावरची झोपडी गाठतात, तर पाकिटावर ती झोपडी आहेच, शिवाय पोरगा जमिनीवर झोपला आहे हेही लिहिलेलं.

पुढे बसलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी शिशुगृहातून सहाव्या वर्षी इथं आलेली होती. तिनं विचारलं, “म्हणजे दर वेळी त्यांना कळत होतं, तो कुठं झोपतोय ते?”

“हो.”

“जागा बदलली तरी?”

“जागा बदलली तरी.”

तिनं मला तो भाग परत वाचायला लावला. घुबडं, टोप्या, झाडू हे सगळं बाकीच्यांनी उचललं, तिनं मात्र पाकिटावरचा पत्ता उचलला. पुढच्या रविवारी मुलांनी मला आपापले पत्ते लिहून दाखवले. एकाचा होता, ‘हॉल दोन, खिडकीकडून तिसरी गादी, पंख्याखाली नाही.’ सोन्याची रास त्या कागदांवर कुणीही मागितली नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मावशीच्या घरात हॅरीच्या आईबापांचा विषय काढायचा नसतो. ते मोटार अपघातात गेले, एवढं खोटं सांगितलं की संपलं. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही, आणि प्रश्न विचारायचे नाहीत हा तिथला पहिला नियम. हे वाचताना हॉलमध्ये कुजबुज झाली, कारण हा नियम मुलांच्या ओळखीचा होता. आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही, पण फाईल अधीक्षिकांच्या कपाटात असते आणि ‘मोठी झालीस की सांगू’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मीही ते दिलेलं आहे. तेव्हा स्वतःशी कबूल करावं लागलं की खोट्या आशेची भीती हे निम्मं कारण होतं. उरलेलं निम्मं असं, की या पुस्तकानंतर मुलं जे विचारतील त्याला तोंड द्यायची माझी तयारी नव्हती.

आणि मग आरसा आला. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या एका रिकाम्या वर्गात हॅरी मोठ्या आरशासमोर उभा राहतो आणि मागे माणसं दिसतात. आई रडता रडता हसते आहे. वडिलांचे केस त्याच्यासारखेच मागे उभे राहिलेले. एका म्हाताऱ्याचे गुडघे अगदी त्याच्यासारखे खडबडीत. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या माणसांचे चेहरे बघतो. रात्रीमागून रात्र तो तिथं जाऊन बसतो. मुख्याध्यापक डंबलडोर त्याला रागावत नाहीत, पण आरसा दुसरीकडे हलवणार असल्याचं आणि तो पुन्हा शोधू नये असं सांगतात. या आरशापुढे बसून माणसं खंगून गेली आहेत, हेही सांगतात.

इथं माझं जुनं मत हललं. मी समजत होते की छुपं जग हे अनाथ पोराला दुःखातून उचलून नेणारं विमान आहे. प्रत्यक्षात तिथं पोहोचेपर्यंत त्याला धड दुःखही करता आलेलं नसतं. मावशीच्या घरी आईबापांची आठवण म्हणून त्याच्याकडे एक हिरवा लखलखाट आणि कपाळावरचा व्रण, एवढंच. जादूच्या जगात त्याला त्यांचे चेहरे मिळतात, त्यांचे मित्र भेटतात, त्यांना कुणी आणि का मारलं ते कळतं. पुस्तकाच्या शेवटी शाळेचा रखवालदार हॅग्रिड त्याला अल्बम देतो. आईबापांच्या शाळासोबत्यांना पत्रं धाडून त्यानं ते फोटो जमवलेले असतात. आणि सातही पुस्तकांत एक नियम मोडला जात नाही. जादूनं सगळं होतं, मेलेलं माणूस तेवढं परत येत नाही.

उत्सुकतेपोटी लेखिकेचं चरित्र चाळलं. जे. के. रोलिंग यांना ही कल्पना १९९० मध्ये मँचेस्टरहून लंडनला जाताना रखडलेल्या गाडीत सुचली. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर त्यांची आई मल्टिपल स्क्लेरॉसिसनं गेली, वय ४५. लेखिका पंचविशीत. मुलगी हे पुस्तक लिहिते आहे हे आईला कधी कळलंच नाही. त्यानंतर हॅरीचं आईबापांविषयीचं दुःख अधिक खोल आणि खरं झालं, असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. आईबापांना सोयीसाठी मारल्याचा माझा आरोप निदान या पुस्तकापुरता मी मागे घेतला. पाचव्या भागात तर थेस्ट्रल नावाचे घोडे आहेत. मृत्यू पाहिलेल्यांनाच ते दिसतात, बाकीच्यांना त्यांनी ओढलेली गाडी आपोआप चालते आहे असं वाटतं. आमच्या काही मुलांना ते घोडे समजावून सांगावे लागले नाहीत.

तरीही एक मोठी शंका होतीच. या गोष्टीत खरोखर अनाथाश्रमात वाढलेला मुलगा म्हणजे टॉम रिडल, आणि तोच पुढे खलनायक होतो. संस्थेत राहणाऱ्या वाचकांना हे कसं लागेल? मोठ्या गटातली काही मुलं तोवर पुढचे भाग स्वतः वाचू लागली होती. स्टुलावर चढलेल्या त्या मुलालाच मी भीतभीत विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. “हॅरीला न्यायला हॅग्रिड केक घेऊन आला. याला न्यायला साहेब आले, आणि आधी त्याच्या कपाटाची झडती घेतली.” मी सहावा भाग काढून पाहिला. बरोबर होतं. डंबलडोर ठेवणीतला सूट घालून लंडनच्या त्या अनाथाश्रमात येतात, कपाट पेटल्यासारखं दाखवतात आणि चोरलेल्या वस्तू बाहेर काढायला लावतात. खरेदीला सोबत यायचं ते विचारतात, तो नको म्हणतो आणि एकटा जातो. याचा अर्थ टॉमचे गुन्हे माफ असा त्या मुलानं काढला नव्हता. पहिल्या भेटीत कोण काय घेऊन आलं, एवढंच त्यानं नोंदवलं होतं. मी मात्र इतकी वर्षं त्या प्रसंगात फक्त दुष्टपणाची लक्षणं वाचत आले होते.

माझं सगळंच मत पालटलं असं मात्र नाही. तान्ह्या पोराला चिठ्ठीसकट दारात ठेवून निघून जाणारे डंबलडोर मला आजही पटत नाहीत. आपल्याकडे त्यांना बालकल्याण समितीपुढे उभं राहावं लागलं असतं. आयती मिळालेली कीर्ती आणि सोनं मला अजूनही खटकतं. ज्यांना पत्र येतच नाही त्यांचं काय, याला पुस्तकात जागा नाही. सातव्या भागात हॅरी सतरा वर्षांचा झाला की आईच्या रक्तानं त्याच्याभोवती घातलेलं कवच गळून पडणार असतं. आमच्याकडे ते अठराव्या वर्षी होतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे आणि महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षणही आहे, पण त्यासाठी आधी अनाथ प्रमाणपत्र हातात पडावं लागतं.

आता पुस्तकं देणारे लोक विचारतात तेव्हा मी ‘हॅरी पॉटर’ चालेल म्हणते. फक्त नुसतं पाठवू नका, वाचायला बसा आणि मुलं विचारतील त्याला टाळू नका, एवढी पुस्ती जोडते. त्यांचे प्रश्न नेहमी आईबापांचेच असतील असंही नाही. बँकेच्या प्रकरणात हॅग्रिड एक इवलीशी सोनेरी किल्ली पुढे करतो आणि तिजोरी उघडते. ते ऐकून प्रमाणपत्रासाठी चकरा मारणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीनं हात वर केला. “बाई, तिथं खातं काढायला कुठले कागद लागतात?” सगळा हॉल हसला, तीही हसली. त्या जगात किल्लीवर काम भागतं. तिच्यासाठी कागदांची यादी घेऊन मला सोमवारी खरोखरच्या बँकेत जावं लागलं.