खेळ शिकवला, मग खेळायचं नाही?

मुलांनो, आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत कॉलेजची मुलंही सुट्टीत मूर्ती रंगवायला जातात. त्याचे पैसे मिळतात. म्हणून काही कोणी त्यांना चित्रकलेच्या स्पर्धेतून काढत नाही. मग कबड्डी शिकवून पैसे घेतले, तर कबड्डी खेळायची नाही का?

हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. मी रोह्याजवळच्या शाळेत होते, तेव्हा ती चौथीत होती. आता कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी तासभर लहान मुलींना कबड्डी शिकवते. त्या मानधनातून तिच्या पासाचा नि वह्यापुस्तकांचा खर्च भागतो. एक दिवस ती पेणला माझ्या घरी आली, ती रडवेली होऊनच.

"बाई, सगळे म्हणतात, पैसे घेतेस म्हणजे तू हौशी खेळाडू राहिली नाहीस. विद्यापीठाच्या स्पर्धेत तुला खेळू देणार नाहीत."

मी पटकन बोलून गेले, "अगं, मग सांगतेस कशाला? गप्प राहा."

"आणि उद्या माझ्या पोरींना कळलं तर?"

मला माझीच लाज वाटली.

तिची भीती अगदीच उगाच नव्हती. १९३६ साली जर्मनीत हिवाळी ऑलिंपिक भरलं होतं. स्कीइंग म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ. तो पैसे घेऊन शिकवणाऱ्यांना तेव्हा 'व्यावसायिक' ठरवून बाहेर ठेवलं. त्यामुळे ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या स्कीपटूंनी डोंगरउतारावरच्या शर्यतींवर बहिष्कार घातला. पुढे काळ बदलला. आपल्या कबड्डी महासंघाच्या नावात 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, हा शब्द आहे. तरी २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाडूंना खेळण्याचे चांगले पैसे मिळू लागले.

मग आम्ही दोघी तिच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडे गेलो आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेचे नियम वाचले. खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी हवा. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही. का बरं? नाहीतर एखादं कॉलेज नोकरीतल्या तयार खेळाडूला नावापुरता प्रवेश देईल आणि खरे विद्यार्थी बाहेर बसून टाळ्या वाजवतील! नियम वाईट नव्हता. आणि रोजचा एक तास म्हणजे काही पूर्णवेळ नोकरी नव्हे.

तरीही तिने आपल्या शिकवणीची आणि मानधनाची माहिती कागदावर स्वच्छ लिहून सरांना दिली. काहीच लपवलं नाही.

मुलांनो, 'सगळे म्हणतात' हा नियम नसतो. नियम स्वतः वाचावा, न समजला तर विचारावा. लपवलं की जिंकलेल्या ढालीकडेही मान वर करून बघवत नाही.

आता संघात ती येते की नाही, ते तिची चढाईच ठरवील. तसंच असायला हवं, नाही का?