काळा मेंढा

आमच्या घरी मेंढरे आहेत हे शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकांना खरे वाटत नाही. मुख्याध्यापक, एम. ए., आणि घरामागे बाभळीच्या काट्यांचा वाडा! पण चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, वडिलांचा कळप अजून मोडलेला नाही. साठ-सत्तर मेंढरे, सगळी दख्खनी, सगळी काळी.

२०२४ च्या माघात जवळच्या एका जत्रेत जनावरांचे प्रदर्शन भरणार होते. आपला मेंढा न्यायचाच, असे पुतण्याने ठरविले. अण्णांनी अट घातली, "बक्षीस लागलं तर बरं. न्हाईतर ह्येला इकून माडग्याळचा नर आणायचा. मग पुन्हा वाद न्हाई."

अण्णांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी ती मेंढरे उंच, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची. कोकरू झपाट्याने वाढते आणि आज पैसा आहे तो मटणात. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरावी लागते, एका वेळी निघते ती अर्ध्या किलोच्या आतबाहेर, आणि कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नाही. ती उन्हापावसात मैलोन्‌मैल चालते, वाळल्या काडीवर दुष्काळ काढते. पण या गुणांना काट्यावर वजन नाही.

असो. आदल्या दिवशी दूधगंगेवर रिठ्याच्या पाण्याने मेंढा धुतला. माघातली थंडी, मेंढ्यापेक्षा पुतण्याच जास्त कुडकुडत होता. वहिनींनी शिंगांना खोबरेल चोळले, आमच्या सौ.नी लोकरीचे गोंडे करून गळ्यात बांधले. मुलीने पाटी रंगविली, वर कन्नड, खाली मराठी. नोंदणीच्या टेबलावरच्या कारकुनाने "याव तळी?" म्हणून विचारले. तळी म्हणजे वाण. मी "दख्खनी" म्हणताच त्याने मान वर न करता 'इतर' या रकान्यात नाव घातले. त्याला तरी काय बोलणार? छापील कागदावर रकानाच नव्हता.

परीक्षक आले. तोंड उघडून दात पाहिले, चार दाती. वजन अडतीस किलो. पलीकडचा माडग्याळ नर त्याहून कितीतरी भारी होता. परीक्षक जेमतेम दोन मिनिटे थांबले. लोकरीला कोणी बोट लावले नाही. बक्षीस मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

दुपारी मात्र एक म्हातारे कन्नड विणकर आले. आमच्याकडे घोंगडी, त्यांच्याकडे कंबळी, वस्तू तीच. त्यांनी मेंढ्याच्या खांद्यावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवून मुळापर्यंत पाहिली. मग वहिनींनी बैठकीला अंथरलेली जुनी घोंगडी उलटून तिचा काठ चाचपला. चिंचोक्याची खळ कुठे दिली, कोणत्या गावच्या मागावर विणली, सगळे विचारून घेतले. निघताना म्हणाले, कोकरांची पहिली लोकर, जावळ, इतर लोकरीत मिसळू नका, मला हवी आहे. वहिनींना कन्नड माझ्यापेक्षा बरे येते. भाव त्यांनीच केला.

संध्याकाळी व्यापारी आला. अण्णांनी रुमालाखाली हात दिला. बोटे दाबली गेली, पुन्हा दाबली गेली. पुतण्या मेंढ्याची दोरी धरून दुसरीकडे बघत उभा होता. बराच वेळाने अण्णांनी हात काढून घेतला आणि व्यापाऱ्याला नुसती मान हलविली.

"मग अट?" मी विचारले.

"माडग्याळचा नर आनायचाच हाय," अण्णा म्हणाले. "घर त्येच्यावरच चालंल. पर ह्यो बी ऱ्हाऊ दे. धा-पंधरा मेंढ्या ह्येच्या ह्येच्याकडंच ठेवू."

नवा नर फाल्गुनात आला. श्रावणात त्याची पहिली कोकरे झाली, तांबूस ठिपक्यांची. काळ्या कळपात ती लांबूनही ओळखू येतात. दसऱ्यानंतर कातरणी झाली, तेव्हा त्यांच्या अंगावर कातरण्याजोगे फारसे काही नव्हते. काळ्या कोकरांची जावळे वहिनींनी उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात वेगळी भरली. अभ्रा निम्मासुद्धा भरला नाही. पुतण्या तो मोटारसायकलला बांधून विणकरांकडे देऊन आला.