शिरूर ते दौंड : एका स्नेह्यासाठीं केलेला प्रवास

प्रवासाचे हेतु नाना प्रकारचे असतात. कोणी व्यापारासाठीं हिंडतो, कोणी हवापालटासाठीं, कोणी देवदर्शनासाठीं, तर कोणी केवळ मौजेसाठीं. दुःखासाठीं प्रवास करणारीं माणसें थोडीं. ज्याच्यावर दुःख ओढवलें त्यानें घरीं बसावें आणि चार लोकांनीं त्यास भेटावयास यावें, अशी आपल्या देशाची चाल आहे, आणि ती वाईट नाहीं. परंतु ही चाल आप्तांपुरती आहे. कोणाचा मित्र वारला तर लोक त्या मित्राच्या घरीं जातात. मागें राहिलेल्या मित्राच्या दारीं सहसा कोणी येत नाहीं. गेल्या शरदऋतूंत, दिवाळीच्या सुटींत, आम्हीं उभयतांनीं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून तीन दिवसांचा जो प्रवास केला, त्याचें कारण हेंच होय.

ज्यांच्यासाठीं हा प्रवास घडला ते आमचे स्नेही या शाळेंत भूगोल शिकवीत, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. सोळा वर्षें आम्ही आणि ते शिक्षकांच्या खोलींत एकाच मेजाच्या दोन बाजूंस बसत आलों. वर्गाकडे पाठ न करतां ते फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढीत. नद्यांसाठीं लागणारा निळा खडू ते सदऱ्याच्या खिशांत जपून ठेवीत. त्यामुळें त्यांचे सगळे सदरे डाव्या बाजूस निळसर झालेले असत. ज्या नदींत पाय बुडविले नाहींत तिचें नांव परीक्षेंत लिहूं नये, असें ते थट्टेनें म्हणत. रविवारीं उपासना आटोपली कीं त्यांचें पान आमच्या घरीं ठरलेलें असे. गेल्या आषाढांत एका रात्रीं त्यांच्या छातींत कळ आली, आणि सकाळचा तास घेण्यास ते आले नाहींत.

दफनविधीच्या वेळीं उपासनामंदिरांत पहिल्या बाकांवर आप्त बसले, तें योग्यच होतें. आम्ही त्यांच्या मागें बसलों. पुढें शाळा सुरू झाली, त्यांचा तास दुसऱ्यांस नेमून दिला गेला, मेजाची दुसरी बाजूही रिकामी राहिली नाहीं. आमचें मात्र बोलणें उणें झालें. घरीं रविवारीं भात उरूं लागला, कारण आमच्या पत्नीचें माप अजून तिघांचें होतें. तिनें तीन महिने हें पाहिलें, आणि सुटी लागतांच म्हणाली, “अहो, भावजींनीं काढलेला तो नद्यांचा नकाशा तुमच्या पेटींतच राहायचा का? ते येऊं शकत नाहींत, आपण तरी जाऊं या.”

तो नकाशा एका वहीच्या जोडपानावर होता. त्यांत घोड आणि भीमा या दोन नद्या निळ्या शाईनें काढल्या होत्या. दोहोंचे उगम सह्याद्रीच्या माथ्यावर एकमेकींपासून फार दूर नाहींत. एक आहुप्याकडून निघते, दुसरी भीमाशंकराहून. उगमाशीं अशा शेजारणी असून पुढें त्या वेगळ्या होतात. घोडनदी आंबेगांवचें पाणी घेऊन पूर्वेस येते, आणि शिरूरच्या वरच्या अंगास कुकडी तिला जुन्नरचें पाणी आणून देते. भीमा इंद्रायणीस व मुळा-मुठेस पोटांत घेऊन येते. मग दौंडापासून फार लांब नाहीं अशा ठिकाणीं त्या दोघी पुन्हां भेटतात. नकाशाखालीं त्यांच्या अक्षरांत एकच ओळ होती : सातवीच्या मुलांस येथें आणावें.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यापाशीं हल्ली ज्यास कॅम्पर म्हणतात तसली गाडी आहे. मागें दोन माणसांपुरती निजण्याची फळी, एक लहान शेगडी, पाण्याची टांकी, आणि छपरावर उन्हापासून वीज करणारी पाटी, असा तिचा संसार. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून हीं फिरतीं घरें आपल्या रस्त्यांवर अधूनमधून दिसूं लागलीं आहेत. त्यानें ती आनंदानें दिली, आणि पैशाची गोष्ट काढतांच म्हणाला, “सर, नकाशा काढायला मलाही त्यांनींच शिकवलं होतं.” शिरूर ते दौंड हा वस्तुतः दोन तासांचा रस्ता. आम्हीं तीन दिवस घेतले.

शिरूरास लोक अजूनही घोडनदी म्हणतात. गांवानें नदीचें नांव घेतलें तें सोडलें नाहीं. येथें नदी हीच पुणें व अहिल्यानगर या जिल्ह्यांची सीमा आहे. पूल ओलांडला कीं जिल्हा बदलतो. पाऊस नुकताच परतला होता. पाणी गढूळपणा टाकून निवळूं लागलें होतें. आम्हीं दोघांनीं पायऱ्या उतरून पाय बुडविले. कोणी कांहीं बोललें नाहीं.

शिरूर येथें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांची छावणी होती. १८०३ सालच्या आसईच्या लढाईंत लढलेला कर्नल विल्यम वॉलेस हा तेथील अधिकारी १८०९ सालीं शिरूरासच मरण पावला, आणि त्याची कबर येथें आहे. १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत एक नवल नमूद केलें आहे. गांवचे पुष्कळ हिंदु लोक या कबरीस सत्पुरुषाचें स्थान मानीत, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य तेथें आणीत. हा मनुष्य परदेशी, परधर्मी, आणि वर सत्ताधाऱ्यांच्या सैन्यांतला. त्याचें रडणारें आप्त माणूस या गांवांत कोण असणार? तरी त्याच्या मृत्यूला पाऊणशें वर्षें उलटलीं तेव्हांही शेतकरी आपल्या मळणीचा पहिला घांस त्यास देत होते. शोक करण्याचा अधिकार केवळ रक्तानें मिळतो, असें शिरूरच्या या लोकांस वाटलें नाहीं. ही गोष्ट आम्हांस पूर्वीं ठाऊक होती. तिचा अर्थ या खेपेस उमगला.

दुपारीं न्हावऱ्याच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालों. बाजरी निघाली होती, ज्वारी नुकतीच उगवली होती, आणि जसजशी भीमा जवळ येऊं लागली तसतसा ऊंस दाट होत गेला. पारगांवच्या पुलापाशीं सांज झाली. एका शेतकऱ्याच्या परवानगीनें त्याच्या बांधालगत गाडी उभी केली. पत्नीनें शेगडीवर पिठलें टाकलें. शेतकरी पेरू घेऊन आला व गाडीभोंवतीं दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, “पाव्हणं, घर झ्याक हाय. पर दिवाळीचं घर सोडून हितं कशाला?”

आम्हीं कारण सांगितलें. तो जरा वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें विचारलें, “वारले ते तुमचे कोण? भाऊबंद?”

“मित्र,” आम्ही म्हणालों.

“मंग सुतक न्हाय धरलं तुमी,” तो म्हणाला. “मैतराचं सुतक नसतंय. पर लागतंय तर तेवढंच.”

आम्हां ख्रिस्ती लोकांत सुतक पाळीत नाहींत. तथापि त्या गृहस्थाचें म्हणणें आमच्या मनास नेमकें लागलें. सुतक म्हणजे काय? इतके दिवस याच्याकडून नेहमींच्या कामाची अपेक्षा करूं नका, असें समाजानें सांगणें. आप्तासाठीं ही सवड प्रत्येक धर्मांत कोणत्या तरी रूपानें आहे. मित्रासाठीं ती कोठेंही नाहीं. ती आपली आपणच काढावी लागते. आमच्या पत्नीनें ती आमच्यासाठीं तीन दिवसांची काढली होती. त्या रात्रीं दिवा मालवल्यावर आम्हीं पहिल्यानेंच त्यांच्याविषयीं मोकळेपणीं बोललों, आणि बोलतां बोलतां दोघांनांही हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशीं चौफुल्यावरून केडगांवास गेलों. तेथें गुऱ्हाळांचा गोड धूर हवेंत भरलेला असतो. दौंड तालुक्यांतील या गांवास पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. इतक्या प्रिय माणसांस निरोप देणारी बाई विरळा. आईबाप दुष्काळांत गेले, भाऊ १८८० सालीं, पति १८८२ सालीं, आणि वृद्धापकाळीं, १९२१ सालीं, एकुलती एक कन्या मनोरमा. त्यानंतरही मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाचें काम त्यांनीं हातावेगळें केलें, आणि १९२२ सालच्या एप्रिलांत त्या निवर्तल्या. तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु केडगांवास आम्हांस अधिक आठवली ती रमाबाईंच्या नात्यांतल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट. १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फिया येथें आनंदीबाईंस वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हां त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई अमेरिकेस गेल्या त्या एका परक्या बाईच्या आधारावर. न्यू जर्सींतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईनें दंतवैद्याकडे खोळंबून बसली असतां एका मासिकांत त्यांच्याविषयींचा मजकूर वाचला, आणि पत्र पाठविलें. त्या पत्रापासून मैत्री जडली, व आनंदीबाई पुढें तिच्याच घरीं उतरल्या. त्या तिला मावशी म्हणत. १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा समुद्रापार पाठविण्यांत आली, आणि कार्पेंटरबाईनें तिला पोकीप्सी येथें आपल्या घराण्याच्या दफनभूमींत जागा दिली. मैत्रिणीचें सुतक कसें धरावें हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. तिनें आपल्या माणसांच्या ओळींत तिला निजविलें, एवढेंच.

तिसऱ्या दिवशीं पाटसवरून दौंडास पोंचलों. आमचे स्नेही येथील रेल्वेवस्तींत वाढले. वडील इंजिनावर होते. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून हें गांव जंक्शन आहे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचें इंजिन येथें एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास लावावें लागे, आणि पुण्यापासून तोंडाकडे बसलेला उतारू येथून पाठमोरा होई. आतां कॉर्ड लाईन झाल्यामुळें कित्येक गाड्या तशाच पुढें जातात. दिशा शिकवितांना आमचे स्नेही हाच दाखला देत.

त्यांच्या मातोश्री थोरल्या मुलाकडे राहतात. वय ऐंशींच्या घरांत. गाडी पाहून त्या म्हणाल्या, “हे काय, मास्तर, घरच घेऊन आलात?” मग आमच्या पत्नीचा हात धरून बराच वेळ बसल्या. सांत्वनाचे शब्द आम्हीं वाटेंत जुळविले होते. ते उपयोगीं पडले नाहींत. त्यांनींच विचारलें, “शाळेत तो वेळेवर जेवत होता का हो?”

आम्हीं सांगितलें कीं डबा उघडतांच ते प्रथम चटणी संपवीत, आणि मग आमच्या डब्याकडे पाहत. निळ्या खडूची व निळ्या खिशाची गोष्ट सांगितली. हें ऐकून म्हाताऱ्या बाई एकदम हंसल्या. “लहानपणी तो खिसा काळा असायचा. बापाच्या इंजिनाचा कोळसा आणायचा, आणि सगळ्या चाळीच्या भिंतींवर नद्या काढायचा. लोक भांडायला यायचे.” कोळशाची गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, खडूची त्यांस ठाऊक नव्हती. अशा रीतीनें दोन तास गेले. निघतांना थोरल्या सुनबाई दारापर्यंत आल्या व हळूच म्हणाल्या, “तीन महिन्यांत आज आई पोटभर बोलल्या. येणारे सगळे तो कसा गेला तेच विचारतात.”

मित्राच्या शोकाचें काय करावें, याचें उत्तर आम्हांस त्या दारांत मिळालें. आप्तांजवळ मनुष्याचें बालपण असतें, त्याचें घर असतें. त्याचा कामाचा दिवस, त्याची थट्टा, त्याचा डबा, हें सारें मित्राजवळ असतें, आणि तें त्याच्या घरच्यांनीं कधीं पाहिलेलें नसतें. तें त्यांस नेऊन देणें हेंच मित्राचें सुतक.

नद्यांचा संगम पाहणें मात्र राहिलें. परतीच्या पावसानें शेतांतील वाट चिखलाची झाली होती, आणि गाडी पुढें नेणें शहाणपणाचें नव्हतें. दौंडाच्या पुलावरून आम्हीं भीमेचा प्रवाह पाहिला; त्यांत घोडीचें पाणी कोणतें आणि भीमेचें कोणतें, हें कोणास सांगतां येणार?

आतां विद्यार्थ्यांस व पालकांस एक विनंती. नकाशाखालची ती ओळ अजून पुरी व्हावयाची आहे. येत्या माघांत वाटा सुकल्यावर सातवीच्या मुलांस संगमावर नेण्याचें योजिलें आहे, आणि परततांना दौंडास त्या मातोश्रींच्या दारीं आपण थांबणार आहों. ज्या विद्यार्थ्यांस वा पालकांस त्यांची एखादी आठवण असेल त्यांनीं ती एका कागदावर लिहून आमच्याकडे द्यावी. ती मोठी नसली तरी चालेल. फळ्यावरची एखादी नदी, एखादा धपाटा, मार्कांसाठीं झालेला एखादा वाद, कांहींही असो. शुद्धलेखनाचे मार्क कापले जाणार नाहींत.