गप्पींचा जमाखर्च

आमचे घर सांगलीचे, व्यवसाय हळदीच्या अडतीचा. घरात पिण्याचे पाणी आजही दुहेरी फडक्यातून गाळले जाते. ते फडके उलटे करून गाळलेल्या पाण्याने धुवायचे आणि ती जिवाणी परसातल्या विहिरीत, पाण्याच्या पातळीपर्यंत भांडे नेऊन, हलकेच सोडायची, हा माझ्या आईचा नेम नव्वदीला टेकल्यावरही सुटलेला नाही. अशा घराच्या गच्चीवर जवळजवळ दीड वर्ष एका माशाला खाऊ घालण्यासाठी दुसरे मासे वाढवले जात होते, ही गोष्ट मी आजवर समाजातील कोणापाशी बोललो नाही.

नातू नववीत असताना त्याने वाढदिवसाला काचेची टाकी मागितली. दुकानातून जो मासा आला तो ऑस्कर, त्या वेळी जेमतेम दोन इंचांचा. काळसर अंगावर नारिंगी नक्षी आणि शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा वाटोळा ठिपका. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. माणूस ओळखणारा, नातू शाळेतून आला की काचेला तोंड लावून उभा राहायचा. दुकानदाराने सांगितले होते, “काहीही खातो.” त्या ‘काहीही’चा अर्थ आम्हाला दोन महिन्यांनी कळला, तोवर मासा वीतभर होत आला होता.

सुरुवातीला नातू दुकानातूनच छोटे गोल्डफिश पिशवीत घालून आणायचा. मला ते दिसत होते. मी पाहिले नाही असे करीत होतो. पुढे त्या आणलेल्या माशांबरोबर रोग आला आणि ऑस्करच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. मुलाने पुस्तके धुंडाळली. गोल्डफिशच्या मांसात एक घटक असतो, तो ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो, म्हणून रोज तेच खाणारा मासा कालांतराने दुबळा होतो, हेही त्याला समजले. मग त्याने ठरवले की खाद्याचे मासे घरीच निपजवायचे. निरोगी आणि आपल्या देखरेखीतले.

त्यासाठी त्याने गप्पी निवडले. हे नाव आपल्या ‘गप्पां’वरून आले असावे, असा माझा समज होता. नातवाने तो दूर केला: त्रिनिदाद बेटावरून या माशाचे नमुने लंडनच्या संग्रहालयात पाठवणारे रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी, त्यांचे हे आडनाव. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते. साधारण चार आठवड्यांनी एक वेत, वेताला वीस-तीस पिल्ले सहज. एकदा नराचा संग झाला की मादी ते बीज शरीरात साठवते आणि पुढचे काही महिने नराशिवायही विते. पिल्लांचा पहिला शत्रू म्हणजे त्यांची आईच. समोर आलेले पिल्लू ती गिळते. म्हणून टबात शेवाळासारखी दाट वनस्पती सोडायची, तिच्यात पिल्ले लपून वाचतात. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक द्यावा, असे त्याच्या पुस्तकात होते. आमच्या घरात ते शक्यच नव्हते. तो मटार उकडून, साल काढून, बोटांनी कुस्करून घालायचा. म्हणजे तेवढा धर्म आम्ही पाळला!

इथे माझा दोष सांगितला पाहिजे. गच्चीवर एकाचे तीन टब झाले, ते मी आणून दिले. मुलाची चिकाटी पाहून माझ्यातला व्यापारी सुखावला. पेढीतली निम्मी कोरी राहिलेली एक रोजमेळाची वही मी त्याला दिली आणि डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक, असे लिहायला शिकवले. त्याचे अक्षर सुंदर. ‘पिल्ले ३१ जमा. ६ खर्च.’ रोज रात्री शिल्लक जुळायची. असा हिशेब माझ्या मुलाने पेढीवर कधी ठेवला नाही, असे मी चारचौघांत म्हणालो. फक्त हिशेब कशाचा, ते सांगितले नाही.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस टाकीत गप्पी सोडायचे नाहीत, असे मी नातवाला बजावले आणि त्याने ते पाळले. पर्व संपल्यावर एका दुपारी आईला ती वही सापडली. तेव्हा तिला चष्म्याने वाचता येत होते. पंचमीच्या आदल्या दिवसावर बोट ठेवून तिने विचारले, “हा अठराचा खर्च कसला रे?”

मी सांगितले. दहा दिवसांची उपासमार नको म्हणून मुलाने आदल्या दिवशी तिप्पट घातले होते.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “खर्च कसा लिहिला? आपल्या मालकीचं असतं ते खर्ची पडतं.”

मी वाद घातला. तो मासा अ‍ॅमेझॉनमध्ये असता तरी त्याने हेच केले असते, असे म्हणालो. “तिथं त्याला कोण पाळतंय?” ती म्हणाली. मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणे आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडात धरले आहे, हे मी तिच्याच शेजारी बसून स्वाध्यायात ऐकलेले. कृत, कारित, अनुमोदना यांपैकी नातवाच्या वाट्याला एक आले असेल. टब आणि वही देऊन उरलेली दोन्ही मी घेतली होती.

मासा कृष्णेत सोडावा, असे आईने सुचवले. नातवाने तिला समजावले की परदेशी शिकारी मासा नदीत गेला तर तो इथल्या माशांची पिल्ले खाईल. दुकानदार एवढा मोठा मासा परत घेईना. उरला उपाय तयार गोळ्यांचा. जिवंत भक्ष्याची सवय लागलेला ऑस्कर गोळी तोंडात घेतो आणि थुंकतो. सहा दिवस त्याने तेच केले. नातू रडला, मीही रात्री उठून टाकीपाशी जात होतो. सातव्या दिवशी त्याने एक गोळी गिळली.

गप्पींचे नर-माद्या वेगळे केले, तरी साठवलेल्या बीजावर माद्या विण्याचे थांबेनात. “आजोबा, टबातली वनस्पती ठेवायची की काढायची?” असे नातवाने विचारले. ठेवली तर संख्या वाढणार, काढली तर आया पिल्ले खाणार. आम्ही ठेवली. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते गप्पी साठलेल्या पाण्यात सोडते, त्यांना द्या, असे एका स्नेह्याने सुचवले. तेही आईला पटले नाही. टब आजही गच्चीवर आहेत.

गोळ्यांचा डबा आला त्या दिवशी आईने मला त्यावरचे वाचून दाखवायला सांगितले. अक्षर फार बारीक होते. गव्हाचे पीठ, सोयाबीन, शैवाल, जीवनसत्त्वे, असे मी वाचले. यादीतला पहिला शब्द मी गाळला. तो माशांच्या भुकटीचा होता.

नातू आता शिक्षणासाठी पुण्यात आहे. ऑस्कर फूटभर झाला असून त्याला सूर्यास्तापूर्वी खाऊ घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आईला हल्ली दिसत नाही. संध्याकाळी खुर्चीतून ती विचारते, “त्यानं धान्य खाल्लं का?” मी “खाल्लं” म्हणतो. हे मासिकही तिला दर महिन्याला मीच वाचून दाखवतो.